शेजारच्या खुर्चीचे भाडे

विमानात शेजारी बसलेल्या माणसाला नाव विचारावे, गाव विचारावे, मुले किती आणि ती काय करतात तेही विचारावे. पण तिकिटाला किती पडले, हे मात्र विचारू नये. विचारले की दोघांपैकी एकाच्या प्रवासाची गोडी गेलीच म्हणून समजावे. एसटीत ही धास्ती नसते. तिथे भाडे सर्वांना ठाऊक असते, आणि भांडण झालेच तर ते मांडीवरचे पोर अर्ध्या तिकिटाचे की फुकटाचे एवढ्यापुरतेच होते, तेही साऱ्या गाडीच्या साक्षीने. विमानात मात्र एकाच रांगेत बसून एकाच खिडकीतून एकच सह्याद्री पाहणारी तीन माणसे तीन भावांनी बसलेली असतात. पहिल्याने दोन हजार दिलेले असतात, दुसऱ्याने साडेचार, तिसऱ्याने अकरा. तिघांना पाणी तेवढेच मिळते, हवा तेवढीच मिळते, आणि विमान उतरते ते तिघांना घेऊन एकाच वेळी उतरते.

हा अन्याय आहे का? हा प्रश्न मला गेली काही वर्षे, आणि विशेषतः दिवाळीच्या तोंडावर, छळतो. दिवाळीच्या तोंडावर अशासाठी की, याच दिवसांत मुंबई-पुण्याहून नागपूरला, गोव्याला, इंदूरला जाणाऱ्या तासा-दीडतासाच्या विमानांची भाडी आकाशकंदिलाबरोबर वर चढतात, आणि ‘लूट आहे नुसती!’ हे वाक्य घरोघर फराळाच्या ताटाइतकेच ठरलेले असते. मला ते वाक्य पुरेसे वाटत नाही. लूट कशाला म्हणायचे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

वेळेप्रमाणे भाव बदलणे हे काही विमानवाल्यांनी शोधून काढलेले पाप नव्हे. हापूसची पेटी मार्चमध्ये आणि मेअखेरीस एका भावाने कोणी विकत नाही. संध्याकाळी मंडई उठायच्या वेळी कोथिंबिरीची जुडी निम्म्या दरात मिळते, आणि ती घेताना, सकाळी पुरे पैसे मोजून गेलेल्या शेजारणीवर अन्याय झाला, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात येत नाही. विमानाची खुर्ची कोथिंबिरीहूनही नाशवंत. दार लागले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. ती उद्यासाठी ठेवता येत नाही. असे असताना कोथिंबीर संध्याकाळी उतरते आणि खुर्ची संध्याकाळी चढते, हे कसे?

याचे उत्तर मला माझ्या भाच्याकडून मिळाले. विनय एका विमान कंपनीच्या भाडे ठरवण्याच्या खात्यात नोकरीला आहे. कंपनीचे नाव कुठे घ्यायचे नाही, या अटीवर तो मला पुष्कळ गोष्टी सांगतो.

“मामा, मंडईत शेवटी येणारे गिऱ्हाईक पैसे वाचवायला येते,” तो म्हणाला. “आमच्याकडे शेवटी जो येतो त्याला जावेच लागणार असते. फरक एवढाच.”

हा ‘एवढाच’ फरक गणितात बसवण्याचे काम १९७२ साली बी. ओ. ए. सी. या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी केले. हिशेब आपल्या घरात कोणालाही समजेल असा आहे. समजा, एक खुर्ची उरली आहे. आज दारात उभा असलेला माणूस तिचे दोन हजार द्यायला तयार आहे. थांबलो तर उद्या-परवा आठ हजार देणारा येईल, किंवा कोणीच येणार नाही. तो आठ हजारवाला येण्याचा संभव चारात एकाहून अधिक असेल, तर आजच्या माणसाला ‘जागा नाही’ म्हणावे; कमी असेल, तर दोन हजार घेऊन मोकळे व्हावे. संगणकाने पुढे या हिशेबाला हजार फाटे फोडले, पण मुळाशी आहे ते एवढेच. विमानात जागा असूनही स्वस्त जागा ‘संपते’ ती अशी. ती संपलेली नसते. कोणाची तरी वाट पाहत ठेवलेली असते.

या हिशेबाची खरी कसोटी अमेरिकेत लागली. तिथे १९७८ पर्यंत विमानाची भाडी सरकारी मंडळाच्या परवानगीने ठरत. आल्फ्रेड कान नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक त्या मंडळाचे अध्यक्ष झाले आणि आपल्या मंडळाची गरजच उरू नये म्हणून झटले. १९८५ च्या आरंभी ते मंडळ खरोखरच बंद झाले. (खुर्चीवर बसून खुर्ची मोडणारे अध्यक्ष आपल्याकडे शोधावे लागतील.) भाडी मोकळी झाल्यावर पीपल एक्सप्रेस नावाची अगदी स्वस्त कंपनी निघाली आणि लोक तिच्यावर तुटून पडले. १९८५ च्या जानेवारीत अमेरिकन एअरलाइन्स या जुन्या कंपनीने तिला उत्तर दिले. आमच्याकडेही तशीच स्वस्त तिकिटे आहेत. मात्र ती पुष्कळ आधी घ्यावी लागतील, परत करता येणार नाहीत, आणि मोजकीच असतील. उरलेल्या खुर्च्या चढ्या भावाने विकायला ती मोकळी राहिली. दोन वर्षांत पीपल एक्सप्रेस दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली. खुर्ची-खुर्चीचा वेगळा भाव राखणारा तसा संगणक तिच्याजवळ नव्हता.

“तेव्हा मामा, अकरा हजारवाला नसेल, तर दोन हजारवाल्याचे विमान उडणारच नाही,” विनय म्हणतो. मला हे पटते. दोन हजारवाला नुसते कमी पैसे देतो असेही नाही. तो आपले मन बदलण्याचा हक्क गहाण टाकतो. दोन महिन्यांनी अमुक दिवशी अमुक वाजता मी जाणारच, असे तो लिहून देतो. मधे ताप आला, साहेबांनी रजा नाकारली, तर ते पैसे गेले. अकरा हजारवाल्याने हा हक्क शेवटपर्यंत आपल्या मुठीत ठेवला, त्याचे त्याने दाम मोजले. दोघांनी वेगळ्या वस्तू विकत घेतल्या, मग भाव वेगळा असला तर बिघडले कोठे?

‘सर्वांना एकच भाडे’ म्हणणाऱ्यांना तर मी जुन्या काळाची आठवण देतो. १९५३ साली सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या, आणि पुढची चार दशके देशातल्या देशात उडायचे तर बहुतेक ठिकाणी एकच कंपनी होती. भाडे छापील होते, ते सर्वांना लागू होते. पण ‘सर्व’ म्हणजे किती? आमच्या आळीत विमानात बसून आलेला माणूस एकच होता आणि तो पुढे कित्येक वर्षे त्याच प्रवासावर जगला. जागा कमी पडली की त्या काळी भाव वाढत नसे, पण ‘कोणाच्या ओळखीचे आपण?’ हा प्रश्न वाढे. भाव दाबून धरला की तो नाहीसा होत नाही. वशिल्याचे रूप घेऊन मागल्या दाराने येतो. पैशाने मिळणारी गोष्ट निदान अनोळखी माणसालाही मिळते.

पुढे २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली. तिचे बोधचिन्ह होते आर. के. लक्ष्मण यांचा तो धोतर-कोटातला, चौकड्यांचा, मुकाट पाहत राहणारा सामान्य माणूस. मला ही निवड फार बोलकी वाटते; आयुष्यभर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात उभा राहून ज्याने दुसऱ्यांची विमाने पाहिली, त्याला कोणीतरी शेवटी आत बसायला बोलावले. त्या कंपनीने काही तिकिटे चक्क एका रुपयाला विकली. वर कर असत, पण रुपया तो रुपया. चार वर्षांनी ती किंगफिशरच्या ताब्यात गेली, आणि २०१२ साली किंगफिशरही जमिनीवर आली.

एका रुपयाचे हे भाडे मला जुनेच वाटते. १९०६ साली व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिन ते कोलंबो या जवळच्या जलमार्गावर स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हा तिला बुडवण्यासाठी तिथल्या ब्रिटिश कंपनीने भाडे एका रुपयावर आणले. स्वदेशीने ते आठ आण्यांवर आणले. मग ब्रिटिश कंपनीने फुकट नेऊन वर एकेक छत्री वाटली, असे सांगतात. काही वर्षांत स्वदेशी कंपनी मोडीत निघाली. छत्री घेऊन उतरलेल्या त्या उतारूंचा मला राग येत नाही. फक्त एवढेच वाटते की, फार स्वस्त भाडे पाहिले की आपण आनंदाने तिकीट काढावे आणि ही छत्री कोणाच्या डोक्यावरून काढून आणली, हेही जाता जाता पाहून घ्यावे.

इथवर मी कंपन्यांच्या बाजूने बोलतो आहे असे वाचकांना वाटेल. पण भाड्याचा प्रश्न सुटला तरी सेवेचा उरतोच, आणि माझ्या मते खरी नीती-अनीती तिथेच आहे.

१८४९ साली झ्यूल द्यूपुई नावाच्या फ्रेंच इंजिनिअराने आगगाडीविषयी एक मर्मभेदक गोष्ट लिहून ठेवली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नव्हते, बाके लाकडी होती. लोकांना वाटे, कंपनी छपराचे पैसे वाचवते आहे. द्यूपुई म्हणाला, तसे नाही. छपराला कितीसे पैसे पडतात? दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारा माणूस तिसऱ्यात बसू नये, एवढ्यासाठी हे छप्पर काढलेले आहे. गरिबाला त्रास देण्याची इच्छा नव्हती; श्रीमंताला भिववण्यासाठी गरीब भिजत होता. आजच्या विमानात गुडघ्याला समोरची पाठ टेकते, हातातल्या पिशवीचे वजन होते, नवरा-बायकोला शेजारी बसायचे तर पैसे पडतात; त्यांतले काही खर्चापोटी असते हे मला मान्य आहे. पण काही या बिनछपराच्या डब्याच्या जातीचे असते, हे ओळखायला आपण शिकले पाहिजे. विनयला हे सांगितले तेव्हा तो नुसता हसला. त्याच्या खात्यातली माणसे द्यूपुईला ओळखत असावीत.

तरीही, तासाभराच्या प्रवासात गुडघे ही काही मोठी गोष्ट नव्हे. एवढ्या वेळात सेवा ती काय करणार? पट्टा बांधायचा, कोणी पाणी देते, कोणी गरम पाणी ओतून फुलवायचा उपमा विकते, तोवर पट्टा पुन्हा बांधायचा. लांबच्या प्रवासात माणूस आराम विकत घेतो. जवळच्या प्रवासात तो वेळ विकत घेतो, आणि दुसरे काहीच घेत नाही. नागपूरला रात्रभराची आगगाडी आहे. समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरा झाल्यापासून मोटारीने एका दिवसात सुखाने जाता येते. गोव्याला १९९८ पासून कोकण रेल्वे आहे. विमानाची झुंज तिथे दुसऱ्या विमानाशी असते तितकीच या गाड्यांशीही असते, आणि विमानतळावर दोन तास आधी जाण्याचा वेळ धरला तर विमानाच्या हाती फार थोडे तास उरतात. तेवढेच त्याने सांभाळायचे असतात.

ते सांभाळणे सोपे नाही. जवळच्या मार्गावर विमान दिवसातून सहा-आठ खेपा करते. ते आकाशात असते तेव्हाच कमावते. जमिनीवर उभे असले की खाते. म्हणून उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा वेळ जितका कमी तितका धंदा बरा. टेक्सासात डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन गावांमध्ये १९७१ साली सुरू झालेल्या साउथवेस्ट कंपनीवर दुसऱ्याच वर्षी आपल्या चार विमानांपैकी एक विकण्याची पाळी आली. वेळापत्रक चार विमानांचे आणि विमाने तीन! तेव्हा तिच्या माणसांनी दहा मिनिटांत विमान रिकामे करून, भरून, परत पाठवण्याचा पराक्रम केला, आणि त्या पराक्रमावर ती कंपनी उभी राहिली. पण या रचनेला दुसरी बाजू आहे. सकाळच्या पहिल्या खेपेला पाऊण तास उशीर झाला, की तो पुढच्या प्रत्येक खेपेच्या पदराला गाठ मारून जातो. ‘येणारे विमान उशिरा आल्यामुळे जाणारे विमान उशिरा जाईल’ ही घोषणा ऐकताना वेदान्त ऐकल्यासारखे वाटते. पण तिचा अर्थ एवढाच, की कंपनीने हाताशी मोकळा वेळ किंवा मोकळे विमान ठेवलेले नाही.

ही घोषणा मी नीट ऐकली ती एका डिसेंबरात, मुंबईच्या विमानतळावर. पहाटे साडेचारला नागपूरहून मावसभावाचा फोन आला होता. मावशी गेली. माझी शाळेची सहा वर्षे तिच्या घरी, तिच्या हातचे खाऊन गेली होती. “दुपारी एकपर्यंत थांबतो, दादा,” तो म्हणाला. आठचे विमान होते. तिकीट अकरा हजार चारशे. मी घासाघीस केली नाही. संगणकाशी करताही येत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक उमदा तरुण होता. मित्रांबरोबर ताडोब्याला वाघ पाहायला निघाला होता. न विचारता त्यानेच सांगितले, की दोन महिन्यांमागे तिकीट काढले आणि तेवीसशेत काम झाले. आठचे विमान पावणेबाराला हलले. आम्हा दोघांना वाट पाहण्याबद्दल एक-एक सँडविच आणि एक-एक फळाच्या रसाचा डबा मिळाला. मी अंबाझरीच्या घाटावर पोचलो तेव्हा चिता पेटून बराच वेळ झाला होता.

त्या तरुणाविषयी माझ्या मनात काही नाही. वाघ दुसऱ्या दिवशीही होते; तो शांतपणे गाणी ऐकत बसला होता, आणि मला बरे नाही हे ध्यानात आल्यावर त्याने आपला रसाचा डबाही मला देऊ केला. भाड्याचेही मला दुःख नाही. त्या दिवशी बावीस हजार सांगितले असते तरी मी दिले असते. नेमके हेच कंपनीला ठाऊक होते. भाडे घेताना तिला आमच्या दोघांतला फरक अचूक कळला: याला जावेच लागणार आहे, याला नाही. उशीर करताना मात्र तो फरक कळेनासा झाला. मी अकरा हजार खुर्चीचे दिले नव्हते. खुर्ची तेवीसशेलाही मिळत होती. मी ते ‘आठ वाजता’ या दोन शब्दांचे दिले होते.

अशा प्रसंगासाठी कमी भाडे असावे, असे कोणी म्हणेल. एअर कॅनडासारख्या काही कंपन्यांनी घरात मृत्यू झालेल्या उतारूला सवलत देण्याची रीत ठेवलेली आहे. तिच्यावरून एक चमत्कारिक खटलाही झाला. आजी गेली म्हणून निघालेल्या एका माणसाला कंपनीच्या चॅटबॉटने, म्हणजे प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या संगणकाने, सांगितले की आता पुरे भाडे भरा, सवलत मागाहून मागा. मागाहून कंपनी म्हणाली, असा आमचा नियम नाही. आणि ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे तिने असाही पवित्रा घेतला, की तो चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे! २०२४ साली न्यायाधिकरणाने हे उडवून लावले आणि भरपाई द्यायला लावली. मला या सवलतीपेक्षा हा निकाल मोलाचा वाटतो. दुःखाला सवलत मागितली की दुःखाचा दाखला आणावा लागतो, आणि पहाटे साडेचारला तो कोणी देत नाही. शब्द पाळायला मात्र दाखला लागत नाही.

गरज जितकी मोठी तितका भाव मोठा, हे तत्त्व मी मान्य केलेले आहे. पण तत्त्व म्हटले की ते दोन्ही बाजूंनी लागू व्हायला हवे. गरज कंपनीची असली, तर?

२०१७ च्या एप्रिलमध्ये शिकागोहून लुइव्हिलला जाणाऱ्या युनायटेडच्या एका छोट्या विमानात सगळे उतारू बसले होते. तेवढ्यात कंपनीला आपले चार कर्मचारी त्याच विमानाने पाठवण्याची निकड लागली. कोणी उतरता का, म्हणून तिने चारशे डॉलरांची कूपने देऊ केली, मग आठशेंची. कोणी उठले नाही. इथे कंपनीने बोली थांबवली. संगणकाने चार नावे काढली. तिघे उतरले, चौथ्याला फरफटत बाहेर काढले, आणि ते चित्र जगाने पाहिले. जागांहून जास्त तिकिटे विकली गेली की कोण उतरेल हे लिलावाने ठरवावे, ही युक्ती ज्यूलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ सालीच सुचवली होती, आणि कान साहेबांच्या काळात अमेरिकेने ती स्वीकारलीही होती. म्हणजे मार्ग ठाऊक होता. उतारूची गरज वाढताना ज्यांना भावाची कमाल मर्यादा कधी दिसत नाही, त्यांना आपल्या गरजेच्या वेळी ती आठशे डॉलरांवर दिसली. बोभाटा झाल्यावर त्याच महिन्यात कंपनीने मर्यादा दहा हजार डॉलरांवर नेली.

आपल्याकडचा नियम पाहा. आधी न कळवता विमान रद्द केले, आणि कारण कंपनीच्या हातातले असले, तर तासाभराच्या प्रवासाला पाच हजार रुपये, किंवा मूळ भाडे आणि इंधन-आकार मिळून होणारी रक्कम, यांत जे कमी असेल ते. ‘जे कमी असेल ते’ हे चार शब्द मी पुन्हा पुन्हा वाचतो. भाडे घेताना ‘जे जास्त मिळेल ते’, आणि भरपाई देताना ‘जे कमी असेल ते’! युरोपात २००५ पासून असा नियम आहे, की दीड हजार किलोमीटरपर्यंतचे विमान रद्द झाले तर अडीचशे युरो द्यायचे, मग तिकीट वीस युरोचे का असेना. २००९ च्या न्यायालयाच्या निर्णयाने तीन तासांचा उशीरही त्यात आला. वादळ, धुके यांतून वगळले आहे, आणि ते योग्यच आहे. भरपाईच्या भीतीने कोणी धुक्यात विमान हाकावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही.

पण धुके वेगळे आणि माणसे कमी पडणे वेगळे. २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे काही दिवसांत रद्द झाली. ५ तारखेला तर एका दिवसात हजारावर. वैमानिकांना आठवड्याला ३६ तासांऐवजी ४८ तास विसावा द्यावा, रात्रीची उतरणी कमी करावी, असे नवे नियम लागू झाले होते. ते आधीपासून माहीत होते. त्यांना पुरतील एवढे वैमानिक मात्र नव्हते. इतर कंपन्यांची भाडी इतकी भडकली, की सरकारने काही काळापुरती मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजारपर्यंत बारा हजार, याप्रमाणे. इंडिगोने तिकिटांचे पैसे परत केले, फार हाल झालेल्यांना दहा-दहा हजारांची कूपनेही जाहीर केली. म्हणजे आकाश कोसळले की दाम मोजता येते. एरवीच्या पावणेचार तासांना सँडविच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्षाचे एक प्रकरण आहे. नदी ओलांडणे हा तेव्हाचा जवळचा प्रवास. माणसाला, गुराला, ओझ्याला किती भाडे, हे तिथे ठरवून दिले आहे. आणि म्हातारे, आजारी, मुले, गर्भिणी, राजाचे निरोपे यांना नावाध्यक्षाच्या मुद्रेवर भाडे न घेता पार करावे, असेही म्हटले आहे. गरज मोठी तितका भाव लहान, असा तो उलटा हिशेब. पण मला त्याहून पुढचे कलम आवडते. नावेवर पुरेशी माणसे नसल्यामुळे, साधने नसल्यामुळे किंवा डागडुजी न केल्यामुळे नाव बुडाली, तर झालेले नुकसान नावाध्यक्षाने भरून द्यावे. जे कमी असेल ते नव्हे. जे गेले ते. दोन हजार वर्षांपूर्वी वादळ कुठे संपते आणि हयगय कुठे सुरू होते, हे इतके स्वच्छ दिसत होते.

आणि निव्वळ स्वस्ताई करून भागत नाही, हेही आपण पाहिले आहे. २०१७ साली उडान योजनेत सरकारने निम्म्या जागांचे भाडे तासाला अडीच हजारांवर बांधले. पहिल्याच दिवशी, २७ एप्रिलला, नांदेडहून हैदराबादला विमान उडाले. पुढे महालेखापरीक्षकांनी मोजले: पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेले मार्ग ७७४, सुरू झाले ३७१, सवलतीची तीन वर्षे पुरी केली ११२ मार्गांनी, आणि त्यानंतर २०२३ च्या मार्चपर्यंत तग धरून राहिले ५४. नांदेडकरांनी विमान येताना पाहिले, बंद पडताना पाहिले, पुन्हा येताना पाहिले. अडीच हजारांत जाता येते, पण पुढच्या महिन्यात विमान असेल की नाही ठाऊक नाही, अशा विमानाच्या भरवशावर कोणी लेकीचे लग्न ठरवीत नाही.

मी विनयला विचारले, “तुमच्या संगणकाला माझी गरज रुपयांत मोजता येते ना? मग वेळ चुकली की तीच मोजणी उलटी लावा. माझ्याकडून अकरा हजार चारशे घेतलेत, त्या पोराकडून तेवीसशे. मधले नऊ हजार शंभर ‘आठ वाजता’चे. आठ वाजले नाहीत, तर ते परत.”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, मग राखीव विमाने ठेवावी लागतील, जास्त वैमानिक ठेवावे लागतील. तेवीसशेचे तिकीट तेवीसशेला राहणार नाही.”

“किती होईल?”

“हिशेब करून सांगतो.”

त्याला वर्ष होत आले. हिशेब अजून आलेला नाही. या भाऊबीजेला तो मुंबईला येतो आहे. तिकीट त्याने ऑगस्टमध्येच काढून ठेवले आहे.